फाटकावरचा फ्लेक्स

मनिला

प्रिय पर्लिता,

मी आणि रोवेना दोघं बरे आहोत. माझा खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे? तेल रोज लावतेस ना?

तिचं कंत्राट संपलं. सहा महिने भरले की कायम करावं लागतं, म्हणून पाचव्यातच घरी पाठवतात. असं तिसऱ्यांदा झालं. तिच्याबरोबर लागलेला मालकाचा भाचा मात्र कायम झाला. आपली इंजिनिअर सध्या मॉलमध्ये गिऱ्हाइकांना बूट घालून दाखवते. जेवते नीट, काळजी करू नकोस.

उत्सवाला गावी जा म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, फाटकावर मी इंजिनिअर झाल्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आहे तोवर मी येणार नाही. डोमिंगमामा सगळ्यांना सांगतो, पगारापेक्षा फ्लेक्सच मोठा!"

आठ फूट बाय चार. अक्षरं मी स्वतः बसवली होती. माझ्यासारखा चौथी नापास माणूस भिंती रंगवत स्वतःच्या फ्लेक्सच्या दुकानापर्यंत आला, मग ही माझ्या पुढे जाणारच, असं मी धरून चाललो होतो. तिचं काहीच चुकलं नाही, हे तिला कसं पटवू?

फ्लेक्स कधीच उतरवला, असं मी तिला सांगून टाकलंय. शनिवारच्या बोटीनं ती निघेल. त्याआधी उतरव. घडी घालू नकोस, शाई तडकते. अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळ आणि कोरड्या जागी ठेव.

तुझाच,
क्रिसांतो