गाठीची उपासमार

श्रीगोंदा, सोमवार

चि. आराधनास शांतवनमामाचा प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद. तुझी पुण्यातली खोली, तुझी प्रयोगशाळा आणि तिथल्या काचेच्या ताटल्यांत वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी सगळं खुशाल असेल. माझ्याही खुशाल आहेत.

नाताळात तू म्हणालीस, कॅन्सरची पेशी साखर अधाशासारखी खाते. पुढचं मी ऐकलंच नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मभर रसातली साखर मोजलेला माणूस मी! म्हटलं, हिचा पुरवठा तोडायला आपल्याइतका लायक कोण? साखर, गूळ, भात सोडला, मग भाकरीही सोडली. तीन आठवड्यांत सहा किलो उतरलो. (आतड्यातली गाठ तेवढीच राहिली.) तुझी मामी दया रोज ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, "गाठ न्हाई उपाशी मरत, तुमी मरताय."

चर्चमधल्या हंगामाच्या सणाला पाळकसाहेब नेमकी माझ्यासाठी प्रार्थना करत होते, तेव्हा मी वेदीपुढे अर्पण केलेल्या भोपळ्यांच्या ढिगावर कोसळलो. मंडळीला वाटलं, प्रार्थनेचं उत्तर आलं. शेजारच्या अजिनाथने जीपमध्ये घालून नगरला नेलं. रक्तातली साखर पन्नासच्या खाली होती. डॉक्टरांनी काय करावं? सलाईनमधून थेट शिरेत साखर सोडली! वर सांगितलं, या वजनावर केमो देता येत नाही, महिनाभर थांबा. तो महिना मी माझ्या हाताने घालवला, बाळ.

तुझं उरलेलं बोलणं मी दवाखान्यातून फोनवर ऐकलं. जनुकं प्रत्येक पेशीत तीच. कुठलं चालू, कुठलं बंद, याच्या खुणा त्यांच्यावर असतात, आणि त्या खुणांना लागणारा माल पेशी खाण्यातूनच बनवते. खुणा बिघडल्या की खाणं बिघडतं, खाणं बिघडलं की खुणा आणखी बिघडतात. साखर तोडली तर ती चरबी खाईल, प्रथिनं खाईल. माझं अंगच खाईल. मी विचारलं, "यात आधी काय बिघडतं?" तू म्हणालीस, "मामा, तेच शोधतोय." खरं बोललीस, बरं वाटलं.

आता दोन वेळा जेवतो. दया समोर बसून घास मोजते.

तुझा,
शांतवनमामा

ता.क. नवा रिपोर्ट आला. कॅन्सर यकृतात पसरलाय. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून दयाला मी "सुधारणा आहे" असा वाचून दाखवला. रविवारी येऊन तू तिला खरं सांग. मी त्या दिवशी पारनेरला कारखान्यातल्या सॅमसनकडे जाईन. (हा भित्रेपणा आहे, ठाऊक आहे.)

ता.क. आराधना, मामांनी पाकीट डकवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. तो रिपोर्ट मी त्याच दिवशी रुपाली नर्सकडून समजून घेतला. मला कळलंय हे त्यांना सांगू नको. त्यांना पारनेरला बी जाऊ देऊ नको. तू लवकर ये. घरात खोटं हसून लई दमले मी.
— दयामामी