एक्केचाळिसावं नाव

२ मार्च
मिळालं काम! तेरा दिवसांचं का होईना. ग्रंथालयाच्या दुर्मिळ कागदपत्रांच्या विभागात खोकी उचलायची, धूळ झटकायची. चौदा तारखेला इथून सुटलेली प्रवासी बोट बुडाल्याला पन्नास वर्षं होतात, त्याचं प्रदर्शन आहे. विभागाच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, दहावी... जवळजवळ. हसल्या नाहीत.
आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. म्हणून हे पेन्सिलीनं.

४ मार्च
खोकी पुसायची सोडून दुपारभर भरती-ओहोटीचं जुनं वेळापत्रक वाचत बसले. कशाला, देव जाणे!
बांधणीवाले काका फाटकी पुस्तकं शिवतात. तोंड सुईपेक्षा जोरात चालतं. म्हणाले, "ए भटकभवानी, कुठं आहेस ते घरी कळवलंयस का?" कळवीन म्हटलं. घर सोडून दोन वर्षं झाली, कळवीनच म्हणतेय.

७ मार्च
यादी सापडली! बोटीवर चढलेल्यांची, तिकीटवाल्याच्या हातची. एकशे बारा नावं. बुडालेल्यांपुढे नंतर कुणीतरी लाल फुल्या मारल्यात. एक्केचाळिसाव्या नावावरचा कागद मळून गुळगुळीत झालाय. फुली आहे त्यालाही.
काका भडकले. "बोट घासलंय कुणीतरी! असंच चाललं तर भोक पडेल." बाईंनी ठरवलं – यादी काचेखाली, कायमची.

८ मार्च
पुन्हा भरकटले, पण कामाला आलं. वाचकांची जुनी वही चाळत होते. दरवर्षी १४ मार्च, तेच यादीचं खोकं, तीच सही. बावीस वर्षं! सहीतलं नाव मात्र एक्केचाळिसाव्याहून निराळंच. बहीण असेल? मैत्रीण?
काका म्हणाले, "ती आजी होय. येते, नावावर बोट ठेवते, पाच मिनिटांत जाते."
"माहीत होतं, मग भडकलात कशाला?"
"कागदासाठी भडकलो. तिच्यावर नाही."

११ मार्च
बाई म्हणाल्या, "हात बरा आहे तुझा. पुढंही राहशील?"
राहशील का, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. 'हो' इतक्या पटकन म्हटलं की लाजच वाटली.

१२ मार्च
काच बसली. पुसायची मी, म्हणून किल्ली माझ्याकडे. बाईंना विचारलं, ती आजी आली तर?
"काचेतून दिसतं की."
दिसतं हो. पण ती बघायला येत नसावी.
"एकीसाठी उघडलं तर उद्या शंभर हात येतील. मग शंभराव्या वर्षी काय दाखवायचं, चिंध्या? उघडलीस तर त्याच दिवशी निघायचं."
बरोबरच आहे त्यांचं. तीच तर पंचाईत.

१४ मार्च
आली. पाहुण्यांच्या तासभर आधी. बारीक चणीची, हातात कापडी पिशवी. काचेवर बोट ठेवलं. उचललं. परत ठेवलं.
"गार लागतं गं," म्हणाली.
किल्ली कधी फिरवली, माझं मलाच कळलं नाही.
नावावर बोट टेकलं तिनं. मी विचारलं, "बहीण का तुमची?"
"मीच."
एकोणीस वर्षांची होती. तिकीट काढलं, यादीत नाव चढलं, बोटीच्या फळीवर पाय ठेवला – आणि मागं फिरली. घरी जायचंच नव्हतं तिला. दुसऱ्या गावाला गेली, दुसरं नाव घेतलं. पेपरात वाचलं, आपण बुडालो! "म्हटलं, सांगू पुढच्या महिन्यात. मग पुढच्या. आई गेल्यावर सांगणार कुणाला?"
वर पाहिलं तर दारात बाई.
"किल्ली दे."
दिली. आजीचं बोट मात्र उचलायला लावलं नाही त्यांनी. पाच मिनिटं तशाच थांबल्या.

१५ मार्च
काम गेलं. माझी पिशवी भरली. नाक्यावरून घरी फोन लावला. आईनं विचारलं, "कोण बोलतंय?"
पूर्ण नाव सांगितलं.