सून सरळ दिसेपर्यंत

चिरंजीव साम्सालीस, थोरला भाऊ तुर्दाकुन याचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, मिनाराची तब्येत आणि तुमच्या त्या याकुत्स्कच्या खोलीतल्या हीटरची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. (नसली तरी मी इथून काय दिवे लावणार आहे?) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. घोडी लंगडते, बटाट्याला कीड लागलीय, माझी दाढ ठणकते आणि शायिर माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण ते लग्न झाल्यापासूनचंच आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन असतो आईच्या उशाशी, आणि तिचे कान इतके तिखट आहेत की मी गोठ्यात पुटपुटलेलं तिला चुलीपाशी ऐकू येतं. म्हणून हे पत्र शेजारच्या एशिमच्या हाती पाठवतोय, तो तिकडे कामाला निघालाय. कागदावर तेलाचे डाग असतील तर ते त्याचे.

शरदात आईला बिश्केकला नेलं होतं ते तुला सांगितलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर घाटात गाडी थांबली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "नजर आहे तोवर धाकट्याची बायको एकदा बघायचीय." तुला रजा नव्हती, म्हणून तू लग्नाची फिल्म पाठवलीस. आता आपला टीव्ही केवढा, तर भाकरीएवढा. आई त्याला नाक टेकवून बसली आणि म्हणाली, "मुंग्या फिरतायत." तेव्हा मी ठरवलं की सून भिंतीएवढी करून दाखवायची. (असली ठरवाठरवी माणूस जेवल्यावर करतो आणि मग जन्मभर निस्तरतो.)

विकतचा प्रोजेक्टर घ्यायला मी काही राज्यपाल नाही. बाबांची अवजारांची पेटी घेतली, बंद पडलेल्या लॅपटॉपचा पडदा सोलून तिच्यात बसवला, शाळेच्या अडगळीतून भिंग मागून आणलं आणि मागे रस्त्याच्या खांबावरचा दिवा लावला. (कुठल्या खांबावरचा ते विचारू नकोस, आपल्या गल्लीत तसाही अंधारच असतो.) पहिल्याच दिवशी दाराकडच्या भिंतीवर चित्र उमटलं. मीच चकित झालो. शायिरने कौतुक म्हणून एवढंच विचारलं, की पेटी जळली तर अवजारं कुठे ठेवणार.

पण चित्र वाकडं. ते सरळ पडायचं तर पेटीने भिंतीकडे नीट समोरासमोर तोंड करायला हवं, आणि ती जागा नेमकी तोरवर, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या बैठकीवर. तिथे कोण बसतं ते तुला माहीत आहे. ओरोज्बायकाका पहिल्या दिवशी एक वाटी चहा प्यायला आले ते अजून पितायत. जरा सरका म्हटलं, तर म्हणाले, "मी मेल्यावर ठेव तुझी पेटी इथे, तोवर कळ काढ." मग पेटी त्यांच्या गुडघ्यापाशी जमिनीवर ठेवली आणि नाक वर केलं. नाक वर केलं की चित्र वरून पसरतं आणि खालून आवळतं. तुझी बायको डोक्याने हंडा आणि पायाने कोंबडी. काका म्हणाले, "अरे, पोरीचं डोकं चहाच्या समोवाराएवढं आहे." आई लगेच म्हणाली, "हो ना, समोवारच."

त्यातच कोरुमदुकचा घोळ. सुनेचं तोंड पहिल्यांदा बघणाऱ्याने काहीतरी दिलंच पाहिजे, आणि काकांनी तुझ्या साखरपुड्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांसमोर मेंढी कबूल केलेली. त्यांनी तिथल्या तिथे न्यायनिवाडा केला, की वाकडं तोंड दिसलं म्हणजे तोंड दिसलं असं होत नाही. (मेंढी द्यायची वेळ आली की काकांना फार कायदा सुचतो.) आईनेही मान डोलावली. "बरोबर आहे. सरळ दिसेल तेव्हाच मी देईन." तिने आजीची चांदीची कर्णफुलं त्यासाठीच कानात घालून ठेवली होती, ती कानातच राहिली.

मग मी पेटी काकांच्या मागे, गोधड्यांच्या चळतीवर चढवली आणि नाक खाली केलं. आता चित्र खालून पसरलं. काका म्हणाले, "डोकं अक्रोडाएवढं झालं." आई म्हणाली, "अक्रोडच." शिवाय गोधड्या दबतात, आणि एक कोपरा जास्तच दबतो. त्यात पाहुणा आला की शायिर मधल्या दोन ओढून काढणार, म्हणजे दर पाहुण्याला सुनेचा नवा आकार. मी ओरडलो तर म्हणाली, "मग पाहुण्याला तुझ्या पेटीत निजवू का?" आतला पडदाच तिरका करून पाहिला, तर कडा सरळ झाल्या पण तोंड धुरकट. शेवटी वैतागून मी भिंगावर एक बुक्की मारली. भिंग बोटभर खाली घसरलं आणि अख्खं चित्र मुकाट्याने खाली आलं, आणखी जराही न वाकता. हे एवढंच होतं रे. पेटी वाकवायचीच नाही, भिंतीसमोर ताठ ठेवायची आणि नुसतं भिंग सरकवायचं. चळतीच्या वर भिंतीला फळी ठोकली, पेटी तिच्यावर ताठ बसवली. माझ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट बुक्कीने सुधारली.

शुक्रवारी दुपारी खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे टांगले. शायिरने कणकेचे बोरसोक तळले. फिल्म लावली आणि मिनारा उभी राहिली, बर्फात, पांढरा रुमाल बांधून, डोक्यापासून बुटापर्यंत सरळ. तूही शेजारी होतास, जरा वाळलायस. काका काहीच बोलले नाहीत, कारण बोलले असते तर मेंढी गेली असती. आईही काही बोलली नाही. मी विचारलं, "आई, आता?" आणि तेवढ्यात वीज गेली.

पेटीतला पंखा घरघरत थांबला. भिंतीवर काही उरलं नाही, भिंतही उरली नाही. आणि त्या अंधारात आई म्हणाली, "आता सरळ झाली बघ. किती गोड पोर आहे, नाकीडोळी नीटस." मग कर्णफुलाची फिरकी सोडवल्याचा आवाज आला, एका कानाचा, मग दुसऱ्याचा.

तोवर आई दर वेळी काकांचं ऐकून मगच बोलत होती, हे मला तेव्हा उमगलं. या वेळी काका गप्प होते, म्हणून ती माझ्या "आता"वर बोलली. मग काकांनी चहाची वाटी खाली ठेवली, आणि प्रत्येक गोष्टीत खोडा घालणारा तो माणूस म्हणाला, "हो वहिनी, अगदी सरळ आहे. माझी मेंढी धरा." नशीब अंधार होता. मी तिथेच रडलो.

तर इकडचं हे असं आहे. तुम्ही दोघं जपून राहा, आणि भिजलेले मोजे हीटरवर वाळवू नका.

तुझा,
तुर्दाकुन

ता. क. – शायिरने वेणी घालता घालता आईला हळूच विचारलं. पहिला बर्फ पडला तेव्हापासून तिला काहीच दिसत नाही. म्हणाली, "तो एवढा जीव ओतून सरळ करतोय, त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तूही सांगू नकोस." शायिरने अर्थातच सांगितलं. आता मला माहीत नाही असं मी दाखवतो, म्हणून रोज संध्याकाळी पेटी लावतो. आई म्हणते, "जरा डावीकडे घे," मी घेतो. "थोडं वर," मी करतो. सून आता इतकी वाकडी झालीय की ओळखू येत नाही, आणि काका रोज म्हणतात, वा, झकास.

दुसरा ता. क. – कर्णफुलं एशिमबरोबर पाठवत नाही. तोंड दाखवल्यावर हातोहात घ्यायची वस्तू आहे ती, येऊन घ्या. रजा देत नसतील तर सांग की आई गेली. (खोटं बोलायला जड वाटलं तर थोडं आधी सांगतोय असं समज.) येताना खांबासाठी एक दिवा आण, गल्लीत ठेचकाळाल. आई मिनाराला हाताने बघेल, तोंडावरून सावकाश हात फिरवील. तेव्हा मिनाराला हसू आलं तर हसू दे. तेवढं वाकडं चालेल.