तुझी खुर्ची

चि. धाकट्या, देव तुझ्या पाठीशी असो.

त्या लेखापायी तुला आत टाकलं, म्हणून काल लेखक मंडळींनी निषेधाची सभा भरवली. हॉल गच्च भरला, म्हातारी माणसं उभी, आणि मंचावर एक खुर्ची मात्र मोकळी. मला राहवेना. एका आजोबांना म्हटलं, "या, जागा वाया कशाला घालवायची?" आणि नेऊन बसवलं.

अध्यक्ष कानाशी म्हणाले, "ताई, ती तुमच्या भावाची. तो सुटेपर्यंत रिकामीच ठेवायची, असं ठरलंय आमचं."

आजोबा चटकन उठले. मी पदरानं खुर्ची पुसून ठेवली.

तुरुंगात पत्रं फोडतात, म्हणून हे पोथीत ठेवतेय. सुटलास की वाच. पण आधी त्या खुर्चीत जाऊन बस. रिकामी जागा मला बघवत नाही.

तुझी ताई