पेडगावच्या भुईमुगात घेतलेली ट्रायल

अण्णा, तुमची जीप मी दिवाळीनंतर भंगारात दिली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. चेसीला मागच्या बाजूने तडा गेला होता. दोनदा वेल्डिंग केलं, तिसऱ्या वेळी वेल्डिंगवाल्यानेच हात जोडले. म्हणाला, "आता हिच्यात लोखंड कमी आन माजं वेल्डिंगच जास्त हाय." तिला न्यायला माणसं आली तेव्हा आई दारात आली नाही. मामूंनी मात्र बोनेटवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. वीस वर्षं तुमच्याबरोबर बोअरमधल्या मोटारी काढल्या त्यांनी, आणि तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं माझ्याबरोबर. काम अजून तेच चाललंय. तीच दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर बोअरवर उभी करायची लोखंडी घोडी, चेनपुली, पाइप धरायचे क्लँप. फक्त ट्रॉली ओढायला पुढे काही उरलं नव्हतं. ज्याची मोटार काढायची त्याचाच ट्रॅक्टर बोलवायचा, तो रिकामा होईपर्यंत बांधावर बसून राहायचं, असे आमचे पाच महिने गेले.

गाडी कशी निवडायची हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. जीप घ्यायला तुम्ही सकाळी गेलात आणि दुपारी ती घेऊन आलात, एवढंच मला आठवतं. मला ते जमत नाही. मी शंभर पानी वही घेतली आणि तीन गाड्यांना तीन रकाने आखले. पहिली दीड टनाची, बाजारात भाजी घेऊन उभी असते तीच. दुसरी छोटी, मागची दोनच चाकं ओढणारी. तिसरी अर्ध्या टनाची. तिचा मागचा हौदा लहान, पण चारही चाकांना ताकद आणि पुढे सीटच्या दोन ओळी, म्हणजे माणसांना पाइपांवर बसवून न्यायला नको. आपलं वजन ट्रॉलीवर असतं. गाडीने वाहायचं थोडं आणि ओढायचं जास्त, हे मी पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली. मग टेप घेऊन आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या शेतात जाणाऱ्या पांदणी मोजत फिरलो. कुठे दोन्हीकडून बाभळी आत आलेल्या, कुठे बांधाच्या धुऱ्याचे दगड सरकलेले. प्रत्येक पांदणीतली सगळ्यात अरुंद जागा मोजली आणि गाडीच्या रुंदीशेजारी मांडली. कंपनीच्या कागदावर आरसे सोडून रुंदी देतात, म्हणून शोरूममध्ये जाऊन आरशांसकट पुन्हा मोजली. आई चुलीपाशी बसून हे बघत असायची. एकदा म्हणाली, "वही तर लय झ्याक भरायलास. गाडी कवा यायची?" मामूंनी तर सगळ्या गावात सांगितलं, "आमचे मालक गाडी घ्यायलेत का पोरगी बघायलेत, तेच कळंना. आता निसती पत्रिका जुळवायची राह्यली."

तुम्हाला कारण माहीत आहे, अण्णा. झरीचा तो बोअर. मोटार सोडून झाली की स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने सगळं लिहून ठेवायची तुमची पद्धत होती. किती फुटांवर सोडली, पाइप किती, मोटार कोणती. तुम्हाला लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून नववीपासून ब्रश माझ्याकडे. झरीला मी चौदा पाइपांच्या जागी तेरा लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ती मोटार जळाली आणि आपण काढायला गेलो. तेरावा पाइप वर आला, आता मागून मोटारच येणार म्हणून बोअरच्या तोंडाशी पाइप धरणारा खालचा क्लँप लावलाच नाही. शेवटच्या पाइपाला लावत नाहीत तो. पुली वर टेकली तरी मोटार दिसेना, खाली अजून एक पाइप होता, आणि तेवढ्यात साखळी घसरली. मामूंनी हात घालून क्लँप आवळला म्हणून मोटार खाली गेली नाही. पण त्यांचा अंगठा पाइप आणि बोअरच्या लोखंडी केसिंगच्या मध्ये सापडला. तुम्ही मला मारलं नाहीत. दवाखान्यातून आल्यावर त्याच झाकणासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "अक्षर लय देखणं हाय तुजं. मामूनं त्या अक्षरावर इस्वास ठिवला." बस, एवढंच. त्या दिवसापासून मी कुठलाही आकडा एकदा लिहून थांबत नाही. दहावीनंतर शाळा सुटली, ही सवय सुटली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मामू घरी आले आणि बाजेवर न बसता उभ्यानेच बोलले. नेहमीची चेष्टा नव्हती. मानवतला एकाने क्रेन बसवलेली मोठी गाडी घेतली आहे आणि त्याला क्लँपवरचा जाणता माणूस हवा आहे. रोज काम, घरून नेणं-आणणं. मामू म्हणाले, "बेटा, माजे गुडघे आता बांधावर बसून ट्रॅक्टरची वाट बघायचे न्हाई राह्यले. पाडव्याला दारात गाडी आली तर मी तुजा. न्हाई आली तर माजी माफी." आई आतून म्हणाली, "भाऊजी, च्या घ्या." ते म्हणाले, "पाडव्याला घेतो, वहिनी." आणि गेले. अण्णा, क्लँप मलाही लावता येतो. पण खाली किती वजन लोंबतंय हे पाइपाला नुसता हात लावून मामू सांगतात, ते मला अजून येत नाही. ते गेले असते तर मी माणसं लावून काम रेटलं असतं, पण तो आपला धंदा राहिला नसता.

वहीत तिसरी गाडी पुढे होती. पण वही म्हणजे कागद. मी शोरूममध्ये जाऊन म्हणालो की मला माझी ट्रॉली जोडून, काळ्या रानात ट्रायल हवी. तिथला सेल्समन माझ्याच वयाचा, शर्ट इन केलेला, पायात चकचकीत बूट. तो हसला. "भाऊ, ट्रायल जिंतूर रोडनं जाऊन परत. सगळे तशीच घेतेत." मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्याने पानं चाळली, मग माझ्याकडे बघितलं, मग आत जाऊन साहेबांशी बोलून आला. "एकच अट," म्हणाला, "मी सोबत येणार. आन सीटवरचं प्लास्टिक काढायचं न्हाई."

मी पेडगावच्या काकूंचं रान निवडलं. त्यांचे मालक हयात असताना तुम्ही सोडलेली मोटार आहे ती. आता काकू एकट्याच शेती बघतात. त्यांचा उन्हाळी भुईमूग आहे, मोटार जळून चार दिवस झालेले, आणि कॅनॉलला पाणी आलं तेव्हा शेजाऱ्याचा पाण्याचा दांड फुटून बोअरकडे जाणारी वाट ओली झालेली. म्हणजे वरून सुकलेलं आणि आतून लोणी. मला असंच रान हवं होतं. आम्ही पोचलो, काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मग, मोटार काढायलात ना आज?" मी म्हणालो, आज फक्त ट्रायल आहे. सेल्समन म्हणाला, "मॅडम, ही कंपनीची गाडी हाय, कामाला न्हाई वापरता येत." काकूंनी पदर खोचला. "भुईमूग मान टाकायलाय माजा. घोडी आणली, पुली आणली, माणूस आणला. आन मोटार न काढता निसतं फिरून जाणार? तसली कसली वो ट्रायल?" मामू खाली मान घालून हसत होते.

मी आधी त्या ओल्या वाटेवरून चालत गेलो. टाच दाबत, दर चार पावलांवर वाकून बघत. मामू मागून म्हणाले, "मालक, पेरायला चाललात का?" मग मी गाडीत बसलो, चारही चाकांचा गिअर टाकला आणि ट्रॉली घेऊन निघालो. गाडी चालली, अण्णा. पांदणीतून आरशांसकट गेली, धुरा चढली, ओल्या पट्ट्यात शिरली आणि तिथेही चालत राहिली. निम्म्यावर गेलो तेव्हा मला शंका आली की डावं मागचं चाक जरा जास्त खाली जातंय. आणि मी गाडी थांबवली. खाली उतरून चाक बघायला. काळ्या रानात एवढी एकच गोष्ट करायची नसते, हे इथल्या कुठल्याही माणसाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि मी नेमकी तीच केली. मामू लांबून ओरडले, "अरे थांबू नको! थांबू नको लेका!" तोवर मी चिखलात उभा, वहीत लिहायला खिशातून पेन काढलेला. गाडी हळूहळू, अगदी शांतपणे बसायला लागली. सेल्समन पळत आला आणि त्याचा एक बूट मागेच राहिला. "भाऊ, साहेब मला घरी बसवतेत आता!" काकू बांधावरून म्हणाल्या, "ट्रॅक्टर सांगू का?"

मी हातानेच नको म्हटलं. ट्रॅक्टर आणला असता तर गाडी निघाली असती, पण ती आपली आपण निघते का, हे मला मग कधीच कळलं नसतं. मामू जवळ आले, त्यांनी ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हुक काड. गाडी हलकी हाय, तिला आदी बाहेर जाऊ दे. ट्रॉली कुटं पळून चालली?" मी हुक काढला. गाडीने एकदा गुरगुरून चिखल फेकला, सेल्समनच्या इन केलेल्या शर्टावरही फेकला, आणि आपली आपण वर आली. दीड टनाची असती तर ती तिथंच राहिली असती, हे त्या क्षणी मला कुठल्याही आकड्याशिवाय कळलं. पलीकडच्या घट्ट जमिनीवर गाडी उभी केली, लांब साखळी लावली, आणि तिथून ट्रॉली ओढून बोअरपाशी घेतली. या वेळी मी मध्ये कुठेच थांबलो नाही. मामू बाजूने चालत होते आणि हाताने सारखं "ये, ये, ये" करत होते.

मग अर्थातच मोटार काढावी लागली. एवढं सगळं केल्यावर काकूंना नाही कोण म्हणणार? घोडी उभी केली, मामूंनी क्लँप घेतला, आणि केबल गुंडाळायला माणूस कमी पडत होता म्हणून सेल्समनने दुसराही बूट काढून ठेवला. आधी केबल अंगापासून लांब धरत होता, आठव्या पाइपानंतर खांद्यावर घेऊन उभा राहिला. काकूंनी भाकरी, ठेचा आणि कच्च्या शेंगा आणल्या. जेवताना तो म्हणाला, "भाऊ, दोन वर्षं झाली गाड्या विकायलोय. गाडी कशाला लागती ते आज बघितलं." मग गाडीच्या दारावरचा चिखल आणि प्लास्टिकवर उमटलेले मामूंच्या हाताचे ग्रीसचे ठसे बघून म्हणाला, "पण आता हिला दुसरं कोण घेणार? घ्या आता तुमीच." मामू म्हणाले, "वही काय म्हणती, मालक?" वही गाडीत होती. मी ती आणायला उठलो नाही. म्हणालो, घेतो.

पाडव्याला गाडी दारात आली. आईने चाकांखाली लिंबू ठेवले, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मग पदराने आरसा पुसून त्यात स्वतःकडे बघितलं. मामू शेरवानी घालून आले होते, ईदची. ते पुढच्या सीटवर बसले, दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि बाहेर न बघता आईला म्हणाले, "वहिनी, च्या टाका." काकूंच्या रानात त्याच आठवड्यात नवी मोटार सोडली आणि भुईमूग सावरला. उन्हाळा समोर आहे, फोन वाजतोय, उद्या सकाळी झरीला जायचंय.

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिलं, शुद्धलेखन दोनदा तपासलं. ते पाठवायला पत्ता नाही, आणि मोठ्याने वाचलं तर आई रडेल, म्हणून घडी घालून ठेवून देतो. एक गोष्ट राहिली. गाडी बघायला जो येतो त्याला मी सांगतो की अण्णांना ही फार आवडली असती. लोक माना डोलावतात, आईला बरं वाटतं. पण ते खरं नाही, अण्णा. तुम्ही टायरला लाथ मारली असती आणि म्हणाला असतात, "हे काय खेळणं आणलंस? ती मोठी घ्यायची सोडून." आपलं त्यावरून भांडण झालं असतं. मी तरीही हीच घेतली असती. ती मला आवडली.