नाचणगावचा रेडिओ

१५ जाने. ७८
नाचणगावला मुलगी पाहून आलो. शोभा. डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. आवडली, खोटं कशाला बोलू. तिचे वडील कचेरीत कारकून; माझ्या रेडिओ दुरुस्तीवर संसार चालेल यावर त्यांचा विश्वास नाही. घरचा बिघडलेला व्हॉल्व्हचा सेट पुढे केला. "हा चालू करून दाखवा, मंग बोलू." आर्वीला दुकानापर्यंत सेट एस.टी.त मांडीवर.

१७ जाने.
स्टेशन नाही, नुसती घुरघुर. व्हॉल्व्ह एकेक काढून दुसऱ्या सेटमध्ये लावले. सगळे ठीक. शेवटी फिल्टर कंडेन्सर फुगलेला सापडला. बदलला. नागपूर ठणठणीत लागलं. दिवसभर खुशीत.

२२ जाने., रवि.
सेट घेऊन गेलो. शोभाचे वडील, काका, म्हणाले, आधी जेवून घ्या. सेटचा मागचा पुठ्ठा बसवायचा तसाच राहिला. जेवून लावला तर एकदम चूप! आत पाहतो तर स्पीकरची तार कातरीनं कापलेली. शोभा दारात, मान खाली. जोडायला कितीसा वेळ? पण तोंडातून निघालं, दुकानात न्यावा लागेल.
निघताना अंगणात पाणी द्यायला आली. हळूच म्हणाली, "मीच कापली. लग्न ठरलं का बाबा कॉलेज बंद करतीन. मले डी.एड. करू द्या. तोवर रेडिओ असाच राहू द्या ना."
"आणि मग?"
आतून हाक आली. गेली.
बसमध्ये राग आला. पुलगाव मागे पडेपर्यंत गेलाही.

२५ जाने.
काका दुकानात. पार्ट मिळत नाही, असं बाजारातले बाकीचे दुरुस्तीवाले रोज सांगतात. मी कधीच नाही. आज सांगितलं. वर्ष लागेल म्हटलं.
"जमत नाई म्हना ना सरळ," काका म्हणाले. फार लागलं.

२८ जाने.
काका पुन्हा आले. "उद्या सिंदीचा पोरगा येऊन राह्यला शोभाले पाहाले. नोकरीवाला हाये."
"आणि तिचं कॉलेज?"
"लग्न झाल्यावर कायचं कॉलेज?"
सेट तसाच बांधून ठेवा, बाजार करून येतो, मग नेतो म्हणाले.
म्हणजे मी खोटं बोलून तिचं काहीच वाचवलं नाही. तार जोडून सेट वाजवून दाखवावा, म्हणावं पोरगी द्या पण डी.एड. होऊ द्या. काका कदाचित ऐकतीलही. पण तिनं मला हो कुठं म्हटलंय?
तार जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापलंय, तार अजून तुटलेलीच. काका रस्ता ओलांडताहेत, हातात भाजीची पिशवी.