बदलाला विरोध

१२ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

परीक्षा विभागात नवी संगणकप्रणाली आली तर एवढी का चिडलीस, असं विचारलंस. प्रणालीवर राग नाही रे. मागच्या कुलगुरूबाईंनी हातानं गुणपत्रिका लिहिणं बंद केलं, तेव्हा आठ दिवस त्या आमच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. कुठे अडतंय ते विचारत राहिल्या. आम्ही कुरकुरत का होईना, सुट्टीच्या दिवशी येऊन शिकलो.

हे नवे कुलगुरू नुसती परिपत्रकं धाडतात. फेरतपासणीत वाढलेले गुण नव्या यादीत येत नाहीत, एकसष्ट मुलं नापास दिसतायत, असं मी बैठकीत सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांना बदल झेपत नाही, त्यांनी घरी बसावं." बावीस वर्षं झाली मला इथे! मी यादीवर सही केलेली नाही.

लोभ आहेच, राग तुझ्यावर नाही.
ताई

२० जून
ती. ताईस,
शि. सा. न.

लहानपणी खेळाचे नियम बदलले की तू बॅट घेऊन घरी जायचीस, तसंच हे. मीही विभागप्रमुख आहे. प्रयोगशाळेचं वेळापत्रक बदललं, नोटीस लावली, विषय संपला. आमचे सहायक एक अक्षर बोलले नाहीत. सही करून टाक आणि तब्येत सांभाळ.

तुझा लाडका, निदान अजून तरी,
धाकटा

३ जुलै
चि. धाकट्यास,
अ. उ. आ., मनात नसताना.

सही कुलगुरूंनी दुसऱ्याकडून करवून घेतली. निकाल लागला, एकसष्ट मुलं दारात आली. सुधारित यादी निघेपर्यंत एकीच्या पुढच्या प्रवेशाची मुदत टळली. माझ्या टेबलाला धरून रडली ती. आणि नोटीस कोणाला? मला. बदलाला असहकार केला म्हणून!

आता विभागात चूक दिसली तरी कोणी सांगत नाही. पाच वाजले की सगळे उठतात. तुझे सहायक गप्प आहेत म्हणून खूश होतोस? कधीपासून गप्प आहेत, ते बघ एकदा.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.
ताई

११ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र चुरगळून टाकलं होतं. दोन दिवस धुमसत होतो. मग प्रयोगशाळेत गेलो आणि नवं वेळापत्रक कसं वाटतं, असं सहायकांना विचारलं. त्यांच्यातल्या एकांनी खणातून बदलीचा अर्ज काढून दिला. तारीख माझ्या नोटिशीच्या दुसऱ्या दिवशीची. आधी का नाही बोललात, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "विचारलंत कुठे, सर?"

रविवारी येतो. तुझ्या नोटिशीचं उत्तर आपण मिळून लिहू. माझी नोटीस मी काल फळ्यावरून काढली. त्यांनी अर्ज मात्र मागे घेतलेला नाही.

रागव, पण लिहीत राहा.
धाकटा